२५ डॉलरची चिप, घरातला पहिला कॉम्प्युटर आणि मोहालीची आग : पन्नास वर्षांपूर्वीची ‘६५०२’ पुन्हा चर्चेत का आली?

२ सप्टेंबर २०२५. दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेचं उद्घाटन होतं. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हातात एक छोटी चौकोनी चिप ठेवण्यात आली. तिचं नाव ‘विक्रम ३२०१’. इस्रोच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने तिची रचना केली होती आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, म्हणजे एससीएलमध्ये, ती तयार झाली होती. दिवसभर टीव्हीवर आणि सोशल मीडियावर तिचेच फोटो फिरत होते.

दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने एक जुना प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला. १९७६ साली बिल गेट्स आणि रिक वायलंड यांनी लिहिलेलं ‘६५०२ बेसिक’. जवळपास सात हजार ओळींचा हा कोड आता कुणीही फुकट घ्यावा, वाचावा, बदलावा आणि वापरावा.

या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. पण संबंध आहे. मायक्रोसॉफ्टने ज्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्रॅम खुला केला, त्याच ६५०२ चिपचं काम १९८०च्या दशकात मोहालीच्या याच कारखान्याने हाती घेतलं होतं.

या चिपने जगभर घराघरांत कॉम्प्युटर पोहोचवला, आजच्या मोबाईल प्रोसेसरच्या जन्मालाही ती कारणीभूत ठरली. मग भारतात येऊनही ती इथल्या घरांत का पोहोचली नाही? आणि आज देशात चिप कारखान्यांवर हजारो कोटी खर्च होत असताना या जुन्या गोष्टीतून काय शिकायचं?

३६० डॉलरची वस्तू २५ डॉलरला कशी मिळाली?

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॉम्प्युटर ही बँका, विद्यापीठं, सरकारी खाती आणि मोठ्या कंपन्यांची गोष्ट होती. कॉम्प्युटरचा मेंदू एका चिपमध्ये मावतो हे इंटेलने दाखवून दिलं होतं, पण त्या चिपची किंमत आवाक्याबाहेर होती. इंटेलची ८०८० आणि मोटोरोलाची ६८०० या दोन्ही चिप बाजारात आल्या तेव्हा एका नगाला ३६० डॉलर मोजावे लागत.

चक पेडल हे मोटोरोलाचे इंजिनीअर गिऱ्हाइकांना ६८०० चिप समजावून सांगायला जायचे. लोकांना चिप आवडायची, पण किंमत ऐकली की बोलणं तिथेच थांबायचं. स्वस्त चिप बनवू या, असं पेडल यांनी कंपनीला सुचवलं. कंपनीला ते पटलं नाही. मग १९७४ मध्ये पेडल, बिल मेन्श आणि आणखी काही सहकारी मोटोरोला सोडून पेनसिल्व्हेनियातल्या ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ या छोट्या कंपनीत गेले.

चिप स्वस्त कशी करायची, हे समजायला आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात. वाटी लहान असेल तर एकाच पोळीतून जास्त पुऱ्या निघतात. आणि पिठात कुठे खडा आलाच, तर एक छोटी पुरी वाया जाते, बाकीच्या वाचतात. चिपचंही असंच असतं. सिलिकॉनच्या एका गोल चकतीतून अनेक चिप कापून काढतात. पेडल यांच्या टीमने ६५०२ मधून अनावश्यक ते सगळं काढून टाकलं. सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर उरले आणि चिपचा आकार ६८०० पेक्षा बराच लहान झाला.

दुसरी युक्ती छपाईची होती. चिपवरची नक्षी एका साच्यातून, म्हणजे ‘मास्क’मधून छापली जाते. तेव्हाच्या प्रचलित पद्धतीत हा मास्क चकतीला थेट चिकटायचा, खराब व्हायचा आणि त्याचे डाग पुढच्या प्रत्येक चकतीवर उमटायचे. एमओएसने मास्क चकतीला न टेकवता प्रकाशाने छपाई करणारं नवं यंत्र वापरलं. शिवाय मास्कमध्ये चूक सापडली तर तेवढीच दुरुस्त करण्याचं कसब त्यांच्याकडे होतं. त्यामुळे एका चकतीतून निघणाऱ्या चालू चिपचं प्रमाण एकदम वाढलं.

किंमत ठरली २५ डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण दोनशे रुपये.

हॉटेलची खोली आणि काचेच्या बरण्या

सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ‘वेसकॉन’ हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन भरलं. एमओएसने जाहिरात केली होती की चिप इथे हातोहात मिळेल. पण प्रदर्शनाच्या जागेत रोख विक्रीला बंदी होती. मग कंपनीने जवळच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलमध्ये खोली घेतली. स्टॉलवर आलेल्या माणसाला हॉटेलचा रस्ता दाखवायचा आणि तिथे टेबलावर चिपने भरलेल्या काचेच्या बरण्या. पेडल यांच्या पत्नी शर्ली पैसे घेऊन चिप देत होत्या.

बरण्या भरलेल्या पाहून गिऱ्हाइकाला वाटायचं, कंपनी लाखांनी माल काढते आहे. पेडल यांनी नंतर सांगितलेली गंमत अशी, की बरणीच्या तळाच्या चिप बंद पडलेल्या होत्या. चालू माल तेवढा वर होता.

त्या गर्दीत एक तरुण इंजिनीअरही होता. ह्यूलेट पॅकार्डमध्ये नोकरी करणारा, फावल्या वेळात स्वतःचा कॉम्प्युटर जोडू पाहणारा स्टीव्ह वॉझनियाक. त्याला खरं तर मोटोरोलाची चिप हवी होती, पण ती परवडत नव्हती. त्याने ६५०२ घेतली. तिच्यावर त्याने जो कॉम्प्युटर उभा केला, तो १९७६ मध्ये ‘ॲपल १’ नावाने ६६६.६६ डॉलरला विकला गेला. पुढच्या वर्षी ‘ॲपल २’ आला आणि ॲपल ही कंपनी खऱ्या अर्थाने उभी राहिली.

मोटोरोलाने एमओएसवर खटला भरला. ६५०२ची जुळी चिप ६५०१ ही मोटोरोलाच्या सॉकेटमध्ये जशीच्या तशी बसायची, त्यामुळे ती मागे घ्यावी लागली आणि १९७६ मध्ये दोन लाख डॉलर देऊन तडजोड झाली. ६५०२ मात्र वाचली.

कमोडोरने चिपचा कारखानाच विकत घेतला

६५०२ घराघरांत पोहोचवण्याचं मोठं श्रेय जॅक ट्रॅमिएल यांना जातं. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीतून वाचलेले ट्रॅमिएल अमेरिकेत येऊन टाइपरायटर दुरुस्त करू लागले. पुढे त्यांची ‘कमोडोर’ कंपनी कॅल्क्युलेटर विकू लागली. त्यांचे चिप यायचे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून. एक दिवस टेक्सासने स्वतःचेच कॅल्क्युलेटर बाजारात आणले आणि तेही अशा किमतीला, की कमोडोरचं दिवाळं निघायची वेळ आली.

ट्रॅमिएल यांनी त्यातून एक धडा घेतला. ज्याच्या हातात चिप, त्याच्या हातात किंमत. १९७६ मध्ये त्यांनी एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीच विकत घेतली.

त्याचं फळ म्हणजे ऑगस्ट १९८२ मध्ये आलेला ‘कमोडोर ६४’. किंमत ५९५ डॉलर. बनवायचा खर्च मात्र सुमारे १३५ डॉलर असल्याचं तेव्हाच्या अंदाजांत म्हटलं जायचं. मुख्य प्रोसेसर ६५०२चाच भाऊ ‘६५१०’, चित्रासाठी ‘व्हिक २’, आवाजासाठी ‘सिड’. तिन्ही घरच्याच कारखान्यातले. प्रतिस्पर्ध्यांना चिप बाहेरून घ्यावे लागत होते.

या यंत्राबद्दलच्या काही गमतीच्या गोष्टी आजही जुन्या कॉम्प्युटरचे शौकीन एकमेकांना सांगतात.

पहिली. नावात ६४ केबी मेमरी होती, पण बटण दाबल्यावर निळ्या पडद्यावर दिसायचं ‘३८,९११ बाइट मोकळ्या’. बाकीची जागा बेसिक भाषेने, पडद्याने आणि यंत्राच्या स्वतःच्या कामाने अडवलेली.

दुसरी. त्याच्यासोबत विकला जाणारा फ्लॉपी ड्राइव्ह ‘१५४१’ हा स्वतःच एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पोटात वेगळी ६५०२ चिप आणि वेगळी मेमरी होती. इतकं असूनही तो रडतखडत चालायचा.

तिसरी. ‘सिड’ ही आवाजाची चिप बनवणारे बॉब यानस यांना वाद्यं बनवण्यात रस होता. म्हणून त्यांनी खेळण्यातल्या पिपाणीऐवजी तीन आवाजांचा खराखुरा सिंथेसायझर चिपमध्ये भरला. त्या चिपवर संगीत रचणारे लोक आजही आहेत.

चौथी. १९८३ मध्ये कमोडोरने ‘कुठलाही जुना कॉम्प्युटर आणा, १०० डॉलर सूट मिळवा’ अशी योजना काढली. तेव्हा बाजारात टाइमेक्स सिंक्लेअर हा छोटा कॉम्प्युटर पन्नासेक डॉलरला मिळायचा. लोक तो विकत घ्यायचे आणि तसाच आणून कमोडोरच्या खरेदीवर १०० डॉलर वाचवायचे.

त्याच वर्षीच्या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ५२५ डॉलरचा घरगुती कॉम्प्युटर ९९ डॉलरवर आला आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये टेक्सासने हा धंदाच सोडून दिला. ट्रॅमिएल यांनी कॅल्क्युलेटरचं उट्टं काढलं होतं.

कमोडोर ६४ किती विकले गेले यावर वाद आहे. सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी असे वेगवेगळे अंदाज आहेत.

बिल गेट्स यांचा चुकलेला सौदा आणि लपवलेली सही

आता मायक्रोसॉफ्टने खुल्या केलेल्या प्रोग्रॅमकडे येऊ. तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये आजच्यासारखं विंडोज नव्हतं. बटण दाबलं की एक-दोन सेकंदांत पडद्यावर फक्त ‘रेडी’ असा शब्द आणि लुकलुकणारा ठिपका. यंत्र तुम्हाला विचारतंय, काय करू? त्याला सांगायचं ‘बेसिक’ या सोप्या भाषेत. म्हणजे कॉम्प्युटर घेतला की प्रोग्रॅमिंगशी गाठ पडायचीच. युरोप-अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीने कोडिंग इथेच शिकलं.

कमोडोरने ही बेसिक भाषा मायक्रोसॉफ्टकडून घेतली, ती एकरकमी २५ हजार डॉलरला. प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायची अट नव्हती. पुढे कमोडोरने तीच बेसिक लाखो यंत्रांमध्ये घातली. मायक्रोसॉफ्टला वरचा एक पैसाही मिळाला नाही. नंतर आयबीएमशी करार करताना मायक्रोसॉफ्टने डॉस हे सॉफ्टवेअर इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडेच ठेवला आणि तिथून पुढे कंपनी कुठे पोहोचली हे सगळ्यांना माहीत आहे.

या बेसिकमध्ये एक गंमत लपवलेली होती. कमोडोरच्या ‘पेट’ या कॉम्प्युटरवर ‘वेट ६५०२,१’ असं टाइप केलं की पडद्यावर ‘मायक्रोसॉफ्ट!’ असा शब्द उमटायचा. एकाच्या जागी दहा लिहिलं तर दहा वेळा. कोड आमचाच आहे, हे सिद्ध करणारी ही लपवलेली सही होती.

६५०२ नसती तर तुमच्या हातातला मोबाईल असा नसता

इकडे ब्रिटनमध्ये बीबीसीने ठरवलं, की लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा. टीव्ही मालिका काढायची आणि सोबत बीबीसीच्या नावाचा कॉम्प्युटरही. ते काम केंब्रिजच्या ‘एकॉर्न’ या छोट्या कंपनीला मिळालं. डिसेंबर १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ आला. आत होती ६५०२. ब्रिटनच्या बहुतेक शाळांत तो पोहोचला.

यंत्र चाललं, पण पुढे काय? एकॉर्नला जास्त ताकदीचा प्रोसेसर हवा होता. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे इंजिनीअर अमेरिकेत फिनिक्सला गेले, ६५०२चे सहनिर्माते बिल मेन्श यांची नवी कंपनी पाहायला. तिथे मोठा कारखाना असेल असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात एका साध्या बंगल्यात मोजकी माणसं प्रोसेसर आखत बसली होती. दोघं परतले ते हाच विचार घेऊन, की यांना जमतं तर आपल्यालाही जमेल.

१९८३ मध्ये काम सुरू झालं. नव्या चिपची पहिली चाचणी बीबीसी मायक्रोवर, बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधून झाली. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली आणि पहिल्याच फटक्यात चालली. नंतर फर्बर तिला किती वीज लागते हे मोजायला बसले, तर मीटरचा काटा शून्यावर. नीट पाहिल्यावर कळलं की चिपला वीज जोडलेलीच नव्हती. शेजारच्या तारांमधून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेवरच ती चालत होती.

ती चिप म्हणजे ‘एआरएम’. इतकी कमी वीज खाणं हे मूळ उद्दिष्टही नव्हतं. चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लॅस्टिकच्या आवरणात बसवायची होती आणि ती तापून आवरण वितळू नये एवढंच त्यांना हवं होतं. म्हणजे कारण पुन्हा पैसे वाचवण्याचंच. आज जगातल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एआरएमच्या रचनेवर आधारलेला प्रोसेसर आहे. हा लेख मोबाईलवर वाचत असाल, तर तोही त्याच घराण्यातला.

६५०२ भारतात आली ती मोहालीत

आता भारतातली गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्समध्ये देश मागे राहू नये म्हणून केंद्र सरकारने १९७० च्या दशकात ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन केली. पंजाबात, चंडीगडला लागून असलेल्या मोहालीत तिचा कारखाना उभा राहिला आणि १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं. तैवानची जगप्रसिद्ध टीएसएमसी स्थापन व्हायला अजून तीन वर्षं बाकी होती.

तंत्रज्ञान अमेरिकेकडून आलं. एएमआय या कंपनीकडून चिप छापण्याची पद्धत आणि रॉकवेल या कंपनीकडून ६५०२ बनवण्याचा परवाना. रॉकवेल ही एमओएसच्या परवानगीने ६५०२ बनवणारी अधिकृत कंपनी होती.

चिप बनवून ती घालायची कशात, याचंही उत्तर तेव्हा शोधलं गेलं होतं. १९८४-८५ मध्ये केंद्राने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा कॉम्प्युटर साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळा निवडल्या आणि यंत्र ठरलं बीबीसी मायक्रो. एकॉर्नशी करार करून बीबीसी मायक्रोची भारतीय आवृत्ती काढायचं काम एससीएलकडे आलं. तिचं नाव होतं ‘युनिकॉर्न’.

म्हणजे चिप आपली, यंत्र आपलं, शाळा आपल्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारचं नवं कॉम्प्युटर धोरणही आलं. कागदावर सगळं जुळून आलं होतं.

आग लागली, पण फक्त आगीनेच घात केला का?

७ फेब्रुवारी १९८९ ला एससीएलच्या कारखान्यात मोठी आग लागली आणि चिप बनवण्याचा विभाग खाक झाला. आगीचं नेमकं कारण कधीच नीट उघड झालं नाही. उत्पादन पुन्हा उभं राहायला वर्षं गेली आणि तोपर्यंत जग पुढे निघून गेलं होतं. पुढे ही संस्था अवकाश विभागाकडे गेली आणि देशाच्या अवकाश-संरक्षण गरजांसाठी चिप बनवू लागली.

सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरते. ‘ती आग लागली नसती तर आज भारत तैवानच्या पुढे असता.’ वाचायला बरं वाटतं, पण ६५०२चा इतिहास काही वेगळंच सांगतो.

एमओएसची चिप स्वस्त होती म्हणून वॉझनियाकला परवडली. कमोडोरने कारखाना घेतला कारण त्याला लाखो यंत्रं विकायची होती. एकॉर्नला बीबीसीचं नाव आणि शाळांची मागणी मिळाली, त्यातून पैसा आला, त्या पैशातून एआरएम उभा राहिला. प्रत्येक ठिकाणी चिपच्या पुढे एक वस्तू होती आणि त्या वस्तूच्या पुढे खिशातून पैसे काढणारं गिऱ्हाईक.

मोहालीत कारखाना होता, पण असं गिऱ्हाईक नव्हतं. भारतात रंगीत टीव्हीच आला १९८२ मध्ये, एशियाडच्या वेळी. चाळीत एकाच्या घरी टीव्ही आणि आठ घरं तो पाहायला, असे ते दिवस. घरगुती कॉम्प्युटरला तर टीव्ही लागायचा, वर यंत्राचे पैसे वेगळे. अशा वेळी एससीएलचं गिऱ्हाईक मुख्यतः सरकारच होतं. शाळांच्या काही हजार यंत्रांवर चिपचा कारखाना तगत नाही. हा धंदाच असा, की लाखांनी माल निघाला तर एका नगाचा खर्च खाली येतो आणि खर्च खाली आला की पुढच्या पिढीच्या यंत्रांना पैसे सुटतात. आगीने कारखाना जाळला हे खरं. पण हे चक्र आगीच्या आधीही फिरू लागलेलं नव्हतं.

मग ६५०२ मराठी घरांत आली तरी कुठून?

गंमत म्हणजे ती आली. फक्त मोहालीतून आली नाही आणि कॉम्प्युटर म्हणूनही आली नाही.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आठवत असेल. मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने आणलेला किंवा पहिल्या नंबराने पास झाल्यावर हट्टाने मागितलेला. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. ‘९९९ इन १’ असं लिहिलेलं आणि आत खरे गेम जेमतेम दहा. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक.

ते बहुतेक गेम जपानच्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉमच्या आत होती रिकोह कंपनीची चिप आणि तिच्या गाभ्यात होती ६५०२. तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी तिच्या लाखो स्वस्त नकला काढल्या आणि त्या आपल्या बाजारांत आल्या. काहींना तर कीबोर्ड जोडलेला असायचा आणि आत बेसिकसुद्धा. २००८ च्या सुमारासही असे ‘टीव्ही कॉम्प्युटर’ भारतातल्या बाजारात दहा-बारा डॉलर इतक्या किमतीला मिळत होते.

एकीकडे सरकारी कारखाना, परदेशी करार आणि शाळांचा प्रकल्प. दुसरीकडे खेळण्यांच्या दुकानातला पाचशे रुपयांचा डबा. घरात शिरला तो डबा, कारण तो परवडत होता आणि पोरांना हवा होता.

‘विक्रम’ आणि आजचा प्रश्न

‘विक्रम ३२०१’ ही ३२ बिटची चिप अग्निबाणांसाठी आहे. तिथे किंमत हा प्रश्न नसतो. प्रचंड थरथराट आणि टोकाच्या तापमानात चिप चुकता कामा नये, एवढंच महत्त्वाचं. त्यामुळे ती १८० नॅनोमीटरच्या जुन्या तंत्रावर बनली, यात कमीपणा नाही. जगात तीन नॅनोमीटरच्या चिप निघतात म्हणून तिची थट्टा करणारे एक गोष्ट विसरतात, अग्निबाणाला मोबाईलचा प्रोसेसर चालत नाही.

पण तिचा अर्थ वाढवून सांगणंही चुकीचं. अग्निबाणांना लागणाऱ्या चिपची संख्या मोजकी असते. त्यावर उद्योग उभा राहत नाही.

उद्योगाची परीक्षा वेगळीकडे आहे. २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली. गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीसोबत ९१ हजार कोटी रुपयांचा चिप कारखाना उभारतो आहे. मोहालीच्या एससीएलचं आधुनिकीकरण करायचंही केंद्राने ठरवलं आहे. पैसा आहे, इच्छा आहे, तंत्रज्ञान देणारा भागीदारही आहे. १९८४ मध्येही साधारण याच तीन गोष्टी होत्या.

म्हणून पुढच्या वेळी चिप कारखान्याच्या भूमिपूजनाची बातमी आली, की तीन प्रश्न विचारायला हवेत. या चिप कोण विकत घेणार? बाहेरच्या चिपपेक्षा त्या स्वस्त किंवा जास्त चांगल्या असणार का? आणि पाच वर्षांनी सरकारी मदत थांबली, तर पुढच्या पिढीच्या यंत्रांचे पैसे कुठून येणार? आज भारतात मोबाईल, गाड्या, टीव्ही, वीजमीटर हे सगळं कोट्यवधींनी विकलं जातं. १९८४ मध्ये नसलेलं गिऱ्हाईक आज दारात उभं आहे. त्याच्यापर्यंत देशातली चिप पोहोचते की पुन्हा बाहेरचाच डबा घरात शिरतो, यावर सगळं अवलंबून आहे.

पन्नाशी उलटली, तरी चिप निवृत्त झालेली नाही

कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली. तिचं नाव पुढची तीस वर्षं एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिलं. २०२५ मध्ये जुन्या यंत्रांवर व्हिडिओ बनवणारे यूट्यूबर ख्रिश्चन सिम्पसन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते नाव विकत घेतलं आणि ‘कमोडोर ६४ अल्टिमेट’ जाहीर केला. जाहीर झाला तेव्हा किंमत साधारण ३०० डॉलरपासून पुढे होती. त्यात जुन्या चिप नाहीत, तर हव्या त्या चिपचं रूप घेऊ शकणारी एक आधुनिक चिप आहे.

६५०२ची जुनी प्रतिस्पर्धी आणि अनेक घरगुती कॉम्प्युटरची चिप ‘झेड ८०’ हिने २०२४ मध्ये निरोप घेतला. तिच्या निर्मात्या झायलॉग कंपनीने जून २०२४ पर्यंत शेवटच्या ऑर्डरी घेतल्या.

६५०२ मात्र अजून टिकून आहे. ज्या बंगल्यातल्या कंपनीने विल्सन आणि फर्बर यांना धीर दिला, ती बिल मेन्श यांची ‘वेस्टर्न डिझाइन सेंटर’ तिची सुधारित आवृत्ती आजही नवी कोरी विकते. छंद म्हणून घरी स्वतःचा कॉम्प्युटर जोडणारे लोक ती मागवतात. किंमत? १९७५ च्या २५ डॉलरपेक्षाही कमी.